रॅलीचे व्हिडिओ: मोबाईलमध्ये गाडी लांब का दिसते?

रात्री जेवण झालं की अर्धा तास रॅलीचे व्हिडिओ बघायचे, ही माझी कॉलेजपासूनची सवय. रॅलीत गाड्या एकेक करून सुटतात आणि शर्यत असते ती घड्याळाशी. रस्ता माती, खडी, बर्फ, काहीही असू शकतो. शेजारचा को-ड्रायव्हर पेसनोट्स वाचत असतो, म्हणजे रस्ता आधी पाहून लिहून ठेवलेली वळणं. बऱ्याच टीम्समध्ये १ म्हणजे अगदी तीव्र वळण आणि ६ म्हणजे जवळजवळ वेग न कमी करता घेता येणारं. एवढं कळलं तरी गाडीच्या आतून घेतलेला व्हिडिओ बघायची मजा दुप्पट होते.

सुरुवात करायची असेल तर ‘क्लाइंब डान्स’ बघा. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या पाइक्स पीकच्या कच्च्या घाटात फिनलंडचा आरी वातानेन प्यूजो ४०५ चालवतोय, आणि एका ठिकाणी उन्हासाठी डोळ्यांवर आडवा हात धरून एकाच हाताने स्टिअरिंग सांभाळतोय! (काटेकोर बोलायचं तर ही डोंगरचढाईची शर्यत, पण ड्रायव्हर रॅलीवालाच.)

आता मुद्द्याचं. नाशिकजवळ एका रॅलीला मी वळणाच्या बाहेरच्या बाजूला उभा राहून ०.५एक्स लेन्सने शूट करत होतो. स्क्रीनवर गाडी छोटीशी, निवांत येताना दिसत होती. मार्शलने शिट्टी मारून मला अक्षरशः ओढलं. वर मान केली तर गाडी समोरून धूळ उडवत गेलीसुद्धा.

गणित सोपं आहे. ०.५एक्स लेन्समध्ये वस्तू १एक्सच्या निम्म्या आकाराची दिसते. म्हणजे ३० मीटरवरची गाडी ६० मीटरवर असल्यासारखी वाटते. ताशी १०८ किमी वेगाची गाडी सेकंदाला ३० मीटर जाते. स्क्रीन सांगते दोन सेकंद आहेत, हातात असतो एकच. आणि १एक्सवरही फार खुश होऊ नका. हातातल्या एवढ्याशा स्क्रीनवर सगळं प्रत्यक्षापेक्षा लहानच दिसतं.

मोबाईल नव्हते तेव्हाही गर्दीने किंमत मोजलीय. मार्च १९८६ मध्ये पोर्तुगालच्या रॅलीत लोक थेट रस्त्यावर उभे राहायचे, गाडी जवळ आली की बाजूला व्हायचे. सिंत्राजवळ जोआकिम सांतोसची फोर्ड आरएस२०० ताबा सुटून गर्दीत घुसली. तिघांचा जीव गेला, तीसहून जास्त जखमी झाले. मे महिन्यात कोर्सिकात हेन्री तोइवोनेन आणि त्याचा को-ड्रायव्हर सर्जिओ क्रेस्टो गेले, आणि त्या प्रचंड ताकदीच्या ग्रुप बी गाड्या पुढच्या वर्षापासून जागतिक रॅलीतून बंद झाल्या.

शूट जरूर करा, पण मार्शलने दिलेल्या जागेतून. वळणाच्या बाहेरची बाजू नको, कारण घसरलेली गाडी तिकडेच येते. त्यापेक्षा उंचावर, लांब उभे राहा आणि २एक्स किंवा ३एक्स वापरा. गाडी मोठी दिसते, धूळही छान येते. ६० एफपीएस ठेवा. ३० एफपीएसवर ताशी १०८ किमीची गाडी दोन फ्रेम्समध्ये एक मीटर सरकते, म्हणून व्हिडिओ तुटक वाटतो. मी हल्ली मोबाईल छोट्या ट्रायपॉडवर लावतो, रेकॉर्ड दाबतो आणि गाडी डोळ्यांनी बघतो. फ्रेम कधीकधी चुकते. चालतं.