स्वयंपाकघरातलं बाकडं: रेल्वेच्या डब्यातून घरात आलेली जागा

आजचा विषय फर्निचरचा आहे, पण आपण त्याकडे इतिहासाच्या बाजूने बघणार आहोत.

रील्समध्ये एक कोपरा तुम्ही नक्की बघितला असेल. किचनमध्ये खिडकीखाली भिंतीला टेकून बाकडं, त्यावर गादी, समोर छोटं टेबल आणि वर लोंबणारा एक दिवा. याला म्हणतात ‘ब्रेकफास्ट नूक’, म्हणजे नाश्त्याचा कोपरा. बघून वाटतं, हे मोठ्या घरवाल्यांचे शौक. पण हा कोपरा जन्माला आला तोच मुळी जागा कमी, पैसे कमी आणि कामाला बाई नाही, या तीन अडचणींतून.

बंगला निघाला अमेरिकेला

सुरुवात एका ओळखीच्या शब्दापासून करू. बंगला. बंगालमधल्या उतरत्या छपराच्या, एकमजली घरांवरून हा शब्द इंग्रजांनी उचलला आणि त्याचं ‘बंगलो’ केलं. तिथून तो इंग्लंडला गेला, मग अमेरिकेला. गंमत बघा, आपल्याकडे बंगला म्हटलं की श्रीमंती आठवते, पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात ‘बंगलो’ म्हणजे मध्यमवर्गाला परवडणारं छोटं घर.

ही घरं कॅटलॉगमधूनसुद्धा मिळायची. सिअर्स, रोबक ही कंपनी १९०८ ते १९४० या काळात चक्क घरं विकत होती. तुम्ही नकाशा निवडायचा, पैसे भरायचे, आणि कापलेलं लाकूड, खिळे, रंग, दारं असं सगळं रेल्वेने तुमच्या गावी यायचं. जोडायचं तुम्ही! अशी अंदाजे ७० हजारांवर घरं विकली गेली असं सांगतात. आणि १९२०च्या दशकातल्या या नकाशांमध्ये किचनला लागून एक चिमुकली जागा दिसायला लागते. दोन बाकडी समोरासमोर आणि मध्ये टेबल.

साइड लोअरची आयडिया

ही आयडिया आली कुठून? तिचं टोपणनावच उत्तर देतं. लोक या कोपऱ्याला ‘पुलमन’ म्हणायचे. जॉर्ज पुलमन हे अमेरिकेतल्या आलिशान रेल्वेडब्यांचं नाव. त्याची कंपनी १८६७ची. त्याच्या डब्यात दिवसा समोरासमोर दोन आसनं असायची आणि रात्री तीच सरकवून झोपायला बर्थ व्हायचा. आपल्या स्लीपर कोचमधली साइड लोअर डोळ्यासमोर आणा, म्हणजे लगेच कळेल. आरएसीवाल्यांना तर सांगायलाच नको!

रेल्वेचा डबा ही जगातली सगळ्यात कंजूष खोली. तिथे खुर्ची परवडत नाही, कारण खुर्चीला स्वतःच्या मापापेक्षा जास्त जागा लागते. उठताना ती मागे सरकवावी लागते. बाकडं हलत नाही, त्यामुळे त्याच्या मागे थेट भिंत चालते. बंगलो बांधणाऱ्यांनी नेमकं हेच उचललं.

नाश्ता बदलला, म्हणून घर बदललं

पण फक्त जागा वाचते म्हणून लोक किचनमध्ये जेवायला लागले नाहीत. त्याआधी अमेरिकेतल्या सुखवस्तू घरात किचन म्हणजे नोकरांची जागा. मालक मंडळी वेगळ्या डायनिंग रूममध्ये बसायची आणि ताटं आतून बाहेर यायची. मग कारखान्यांत, दुकानांत, ऑफिसांत बायकांना कामं मिळायला लागली. पहिल्या महायुद्धाने त्याला जोर दिला, आणि १९२४च्या कायद्याने युरोपातून येणाऱ्या स्थलांतरितांवर कडक मर्यादा आल्या. घरकामाला माणूस मिळेना, मिळाला तर परवडेना. घरची बाई स्वतः शेगडीपुढे उभी राहिली.

त्याच काळात नाश्ताही हलका झाला. केलॉगची कॉर्न फ्लेक्सची कंपनी १९०६ची आणि जनरल इलेक्ट्रिकचा टोस्टर १९०९चा. वाटीत दूध ओता, ब्रेड भाजा, संपलं. एवढ्यासाठी डायनिंग रूमपर्यंत ताटं नेऊन परत कोण आणणार? शेगडीपासून चार पावलांवर बसायची सोय झाली की काम निम्मं हलकं. म्हणून मी म्हणतो, नाश्त्याचा कोपरा हे आधी श्रम वाचवायचं यंत्र आहे, सजावट नंतर.

त्याच रेल्वेतून दुसरा धडा

आता गोष्टीतला ट्विस्ट. रेल्वेच्याच डब्यातून युरोपात एक वेगळंच किचन निघालं.

१९१२ साली क्रिस्टीन फ्रेडरिक या अमेरिकन लेखिकेने कारखान्यातलं कार्यक्षमतेचं शास्त्र घरात आणलं. किचनमध्ये बाई किती पावलं उगाच चालते, याचे नकाशेच तिने काढले. हे विचार जर्मनीत पोहोचले आणि १९२६ मध्ये मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईंनी फ्रँकफर्टच्या स्वस्त सरकारी घरांसाठी किचन डिझाइन केलं. साधारण १.९ मीटर बाय ३.४ मीटर. त्यांच्यापुढे आदर्श होता रेल्वेच्या डायनिंग कारमधल्या चिंचोळ्या किचनचा. सगळं हाताच्या अंतरावर. अशी जवळपास १० हजार किचन बसवली गेली.

मी कोड लिहितो, त्यामुळे फ्रँकफर्ट किचन बघून मला आधी भारी वाटलं. एक पाऊल वाया नाही! पण त्यात माणूस मावतो एकच. जेवायची जागा बाहेरच्या खोलीत, सरकत्या दारापलीकडे. काम करणारी बाई एकटी पडते, ही टीका पुढे बरीच झाली.

म्हणजे बघा, एकाच रेल्वेतून फ्रँकफर्टने स्वयंपाक्याची जागा उचलली आणि कॅलिफोर्नियाने प्रवाशांची. एका किचनने काम वेगवान केलं, दुसऱ्याने कामाशेजारी माणसं बसवली. अर्थात अमेरिकेतही चहा ओतायला उठणारी तीच होती, हे विसरू नका. पण निदान सगळे तिच्यासमोर बसलेले असायचे.

आपल्या वन बीएचकेमधली बरीच किचन कळत-नकळत फ्रँकफर्टच्याच वळणाची आहेत. ओटा, सिंक, फ्रिज, आणि उभं राहायला एक पट्टा. बाकीचे हॉलमध्ये टीव्हीसमोर. आमच्याकडे आई सकाळचा चहा कायम ओट्याला टेकून, उभ्यानेच पिते. खुर्ची टाकली तर फ्रिजचं दार उघडत नाही. हा प्रश्न महागड्या सोफ्याने सुटत नाही, दीड फूट रुंदीच्या बाकड्याने सुटू शकतो.

कमी बजेटचा हिशोब

शंभर वर्षांपूर्वीची मापं आजही चालतात, कारण माणसाचे गुडघे तेच आहेत. बाकड्याची उंची ४५ सेंटिमीटर, खोली ४० ते ४५, टेबलाची उंची ७५. एका माणसाला रुंदी ६० धरा. आता ७५ सेंटिमीटर रुंद टेबलाच्या दोन्ही बाजूंना ४५ची बाकडी ठेवली तर लागतात १६५ सेंटिमीटर. तेच खुर्च्यांना प्रत्येकी ९० सोडले तर २५५. तीन फुटांची बचत, आणि तीही आजच्या फ्लॅटच्या भावात!

पैसे कुठे वाचतात? पाठीला भिंत वापरा, वेगळी पाठ नको. बाकड्याचं खोकं करा, म्हणजे आत तांदळाचं पोतं आणि फराळाचे मोठे डबे बसतात. ड्रॉवरपेक्षा बिजागरीचं झाकण स्वस्त पडतं, फक्त दरवेळी गादी उचलावी लागते. सुताराला सांगा, खाली पुढच्या बाजूने आठ-दहा सेंटिमीटरची खाच ठेव, नाहीतर उठताना टाचा आपटतात. टेबलाला चार पाय नकोत. मधे एकच खांब ठेवा किंवा भिंतीला फोल्डिंग ब्रॅकेट लावा, म्हणजे आत सरकता येतं.

पैसे कुठे वाचवायचे नाहीत? प्लायमध्ये. सिंकजवळ असेल तर पाण्याला टिकणाराच घ्या. आणि भाड्याच्या घरात काही ठोकू नका, दोन सुटी बाकडी करा. घर बदललं की टेम्पोत चढतात.

एक अडचण मात्र पुलमनच्या काळापासून तशीच आहे. आतल्या माणसाला उठायचं तर बाहेरच्याला उठवावं लागतं. विंडो सीटवाल्यांना माहितीये! घरात आजी-आजोबा असतील तर एक बाजू बाकड्याची आणि दुसरीकडे हाताची खुर्ची ठेवा. गुडघे दुखणाऱ्याला आत सरकायला लावू नका.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत किचन मोठी झाली, चकचकीत स्टीलच्या पायांची सुटी टेबलं आली आणि हा कोपरा जुनाट ठरला. आता जागा महागली, तसा तो परत आलाय. तेव्हा ऑर्डर द्यायच्या आधी टेप घेऊन किचनमध्ये जा, जमिनीवर खडूने १६५ सेंटिमीटर आखा आणि घरातल्या सगळ्यांना तिथे बसवून बघा. ओट्याजवळची, बाहेरची जागा कोणाला देणार, तेवढं मात्र खडू पुसायच्या आधी ठरवा. माझं मत, ती रोज आलटून पालटून द्यावी.

चला, भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा!