पाच-तीन-दोन आणि पुढल्या डावाचे येणे

गिरगावाविषयी आजवर जे लिहिले गेले आहे त्यात १८९३ साली केशवजी नाईकांच्या चाळीत सुरू झालेला सार्वजनिक गणेशोत्सव, काळबादेवीपासून खेतवाडीपर्यंत पसरलेले छापखाने आणि वाडीवाडीतून वाढलेली ग्रंथालये यांना योग्य तो मान मिळाला आहे. परंतु त्याच उत्सवाच्या मंडपात मूर्ती रात्री एकटी ठेवायची नाही म्हणून जागरणास बसलेली मंडळी ज्याच्या आधाराने पहाट गाठीत आली, त्या पत्त्यांच्या खेळाकडे अभ्यासकाच्या दृष्टीने फारसे कोणी पाहिलेले नाही. मेंढीकोट, बदाम सत्ती, झब्बू, लाडीस हे सारेच खेळ मुगभाटात आणि फणसवाडीत घरोघर ठाऊक आहेत. मात्र त्यांतील पाच-तीन-दोन या खेळाची रचना मला इतरांहून निराळी आणि विचारास प्रवृत्त करणारी वाटते, कारण त्यात एका डावाची मिळकत त्या डावातच खर्ची पडत नाही, ती पुढल्या डावात हक्क म्हणून उभी राहते.

ज्यांनी हा खेळ कधी पाहिला नसेल त्यांच्यासाठी त्याची मांडणी सांगितली पाहिजे. खेळणारे तिघे; कॅटमधून दुऱ्या, तिऱ्या, चौव्या, पंजे आणि छक्के काढून टाकायचे, सत्त्यांपैकी इस्पिक आणि बदाम या दोनच ठेवायच्या, म्हणजे तीस पाने उरतात व प्रत्येकाच्या वाट्यास दहा येतात. वाटणाऱ्याने दोन हात करायचे, एकाने तीन, आणि ज्याने पहिली पाच पाने पाहून हुकूम बोलायचा त्याने पाच. वाटप फिरत असल्यामुळे हा भार आळीपाळीने प्रत्येकावर येतो. पाच, तीन आणि दोन मिळून दहा होतात आणि हातही दहाच असतात. तेव्हा एकाने एक हात अधिक केला की दुसऱ्या कोणाचा तरी एक हात बुडालाच, अशी ही जमाखर्चाची वही प्रत्येक डावाअखेर आपोआप जुळते.

खरी मौज यानंतर आहे. ज्याचे हात वाढले तो धनको, ज्याचे बुडाले तो ऋणको. नवा डाव वाटून झाला की उतारी होण्यापूर्वी धनकोने ऋणकोच्या हातातील पाने न पाहता त्यांतले एक ओढायचे आणि त्याच्या मोबदल्यात आपल्याकडचे नको असलेले पान परत करायचे, जितके हात येणे तितक्या वेळा. ऋणको आपली दहा पाने पालथी, पंख्यासारखी पसरून पुढे धरतो. ओढणाऱ्याची बोटे एका पानावरून दुसऱ्यावर रेंगाळतात, तो समोरच्याच्या डोळ्यांत पाहतो, आणि एकदाचे पान ओढले की हुकमाचा एक्का येतो किंवा किलवरची अठ्ठी. एक्का आला तर त्याच्या जागी चौकटची नव्वी परत जाते, आणि ज्याचा मागल्या डावात एक हात कमी पडला होता त्याचा हा डावही पत्ता पडण्यापूर्वीच अर्धा खिळखिळा होतो. म्हणूनच आपले दोन हात पुरे झाल्यावर जो स्वस्थ बसतो तो कच्चा खेळाडू समजला जातो. जाणता असतो तो राखून ठेवलेला हुकूम खर्चून तिसरा हात मारतो, कारण त्या हाताचे मोल आज काही नसले तरी उद्याची ओढ त्यात साठलेली असते. कर्ज वसूल होत असतानाच ऋणको दुबळा होऊन नवे कर्ज काढतो, ही या खेळातील निष्ठुर बाजू. तिच्यावर उतारा एवढाच की ओढणे आंधळे आहे, आणि नशीब केव्हा केव्हा ऋणकोचीही पाठराखण करते.

पत्त्यांत खजिना आणि येणे यांची कल्पना आपल्याकडे मुळीच नवी नाही. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा, म्हणजे त्या काळचे पत्ते, पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे, आणि अबुल फजलाने ‘ऐन-ए-अकबरी’त अकबराच्या दरबारातील गंजिफांचे जे वर्णन केले त्यात धनपती, म्हणजे द्रव्यभांडारावर बसलेला राजा, स्वतंत्र रंगाचा अधिपती म्हणून येतो. शहाण्णव पानांच्या मोगली गंजिफेचे आठ रंग पाहिले तर ताज, शमशेर, गुलाम आणि चंग यांच्या शेजारी सुर्ख म्हणजे सोन्याचे नाणे, सफेद म्हणजे रुप्याचे नाणे, किमाश म्हणजे कोठारातील माल आणि बरात हे रंग दिसतात. ही बरात म्हणजे मराठी दप्तरातील वरात: अमक्या महालाच्या वसुलीतून अमक्यास इतकी रक्कम द्यावी असा सरकारचा लेखी हुकूम. हाती आलेल्या पैशाइतकाच यायच्या पैशाचा कागदही राज्याच्या सामर्थ्याचा भाग मानून त्याला पत्त्यांत मानाचे स्थान देणाऱ्या त्या अज्ञात कल्पकाच्या व्यवहारदृष्टीचे मला फार कौतुक वाटते.

कोकणातून मुंबईस आलेल्या कुटुंबांपैकी ज्यांचा सावंतवाडीशी संबंध होता त्यांना चिंचोक्याच्या खळीने चिकटवून, घोटून, वर लाखेचा लेप दिलेली गोल पाने परिचयाची होती. तिथली दशावतारी गंजिफा एकशेवीस पानांची, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा व प्रधान धरून बारा पाने. दिवसा रामाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याची उतारी आणि रात्री कृष्णाचा असेल त्याची. एकशेवीस पाने लक्षात ठेवण्याची ही विद्या मुंबईच्या कचेरीतून संध्याकाळी थकून परतणाऱ्या कारकुनाच्या घरी टिकणे कठीण होते. तीस पानांचा, तिघांत होणारा, गॅलरीतल्या एका चटईवर मावणारा खेळ तिथे रुजावा हे मला स्वाभाविक वाटते. जुन्या खेळाची शास्त्रीय आठवण मात्र गिरगाव परिसरातीलच मुद्रकांनी राखली: गिरिधर कवीचे ‘गञ्जीफाखेलनम्’ निर्णयसागरने काव्यमालेत छापले आणि औरंगाबादच्या हरिकृष्णांचे ‘क्रीडाकौशल्य’ वेंकटेश्वर छापखान्यातून बाहेर पडले.

पत्त्यांत नशीब किती आणि कौशल्य किती, या प्रश्नाकडे कायद्यानेही पाहिले आहे. मुंबईच्या १८८७ च्या जुगारबंदी कायद्याने निव्वळ कौशल्याचे खेळ आपल्या कक्षेबाहेर ठेवले, आणि १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने रमी हा प्राधान्याने कौशल्याचा खेळ आहे असे ठरविताना पडलेली पाने ध्यानात ठेवणे आणि कोणते पान राखावे, कोणते टाकावे हे जाणणे यांवर भर दिला. आधीच्या मिळकतीच्या बळावर पुढचा डाव खेळण्याची कल्पना नव्या खेळांतही दिसते: १९९३ साली अमेरिकेत निघालेल्या ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या खेळात भूमीची पाने आधी मांडून त्यांच्या बळावर पुढची पाने खेळतात, तर २००८ च्या ‘डोमिनियन’मध्ये तांबे, रुपे आणि सोने यांची पाने खर्चून विकत घेतलेली पाने आपल्याच जुडीत मिसळतात व पुढल्या वाटपात हाती येतात. तेथील तरुण ज्याला नवा शोध समजतात त्याचे बीज आमच्या गल्लीतील पोरांना दहाव्या वर्षी ठाऊक असे.

कोजागिरीच्या रात्री अक्षक्रीडा करून जागावे असे व्रतग्रंथ सांगतात, आणि चाळीच्या गच्चीवर आटीव दुधाची पातेली उतरल्यावर फाशांची जागा पत्ते घेत. अशा बैठकीत दोन घरची माणसे एकत्र आली की प्रथम नियमांची कबुलायत करावी लागे: ओढलेले पान इतरांना दाखवायचे की नाही, परत द्यायचे पान त्याच रंगाचे हवे की कोणतेही चालेल, दोन येणी एकमेकांत वळती करता येतात की नाही. मला स्वतःला त्याच रंगाचे पान परत देण्याची अट योग्य वाटते, कारण तिने ऋणकोच्या हातातील रंगांचा तोल तरी राहतो आणि हुकमाचा एक्का गेला तरी एखादी हुकमाची अठ्ठी त्याच्यापाशी उरते. ज्या घरांत कोणतेही पान देण्याची मुभा आहे तिथे दोन हात बुडालेला माणूस तीन-चार डाव डोके वर काढू शकत नाही. बैठक मोडली की उरलेले येणे बुडते, याविषयी मात्र सर्व घरांचे एकमत असे.