कोवाल्स्की

कोवाल्स्की : एक पोलिश आडनाव. पोलंडमध्ये नोवाकखालोखाल हेच सर्वाधिक आढळते. स्थलांतरितांबरोबर ते जर्मनी, अमेरिका, कॅनडा आणि ब्राझीलमध्येही पोहोचले.

पोलिश भाषेत ‘कोवाल’ म्हणजे लोहार. म्हणून प्रत्येक कोवाल्स्कीचा पूर्वज ऐरणीवर घण घालत होता असे समजायचे कारण नाही. ‘-स्की’ हा प्रत्यय मुळात गावाच्या नावाला लागे, आपल्याकडच्या ‘-कर’सारखा; कोवाल, कोवाले अशा गावांची मालकी असलेली उमराव घराणी तो लावीत. पुढे ‘-स्की’ला खानदानीपणा चिकटला आणि सामान्य कारागीर-शेतकऱ्यांनीही तो उचलला. लोहाराचा मुलगा किंवा हाताखालचा पोऱ्या यांवरून आलेली कोवालिक, कोवाल्चिक ही आडनावे त्या मानाने साधी राहिली.

आडनाव लिंगानुसार बदलते : पती कोवाल्स्की, पत्नी कोवाल्स्का, दोघे मिळून कोवाल्स्त्सी. संत फाउस्टिना (१९०५–३८) यांचे मूळ नाव हेलेना कोवाल्स्का. परदेशी दप्तरांत हा भेद सहसा टिकत नाही. अमेरिकेत मुलगीही कोवाल्स्कीच होते. काहींनी तर आडनावाचे थेट भाषांतर करून स्मिथ किंवा श्मिट लावले.

मायदेशी यान कोवाल्स्की म्हणजे कोणीही सामान्य माणूस. नमुन्याच्या अर्जावर हेच नाव भरलेले असते. अमेरिकेत मात्र त्याला दणकट, रांगड्या कामगाराची प्रतिमा चिकटली. तिचे मोठे श्रेय टेनेसी विल्यम्सच्या ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’ (१९४७) या नाटकातील स्टॅन्ली कोवाल्स्कीला आणि ती भूमिका रंगभूमीवर व पडद्यावर गाजवणाऱ्या मार्लन ब्रँडोला द्यावे लागेल. ‘ग्रॅन टोरिनो’ (२००८) या चित्रपटातील मोटार कारखान्यातला निवृत्त कामगार वॉल्ट कोवाल्स्की याच घडणीचा. कुस्तीच्या आखाड्यात या प्रतिमेला चांगला भाव होता. ‘किलर कोवाल्स्की’ (१९२६–२००८) हा मल्ल कॅनडातील विंडसर येथे पोलिश स्थलांतरितांच्या घरी जन्मला. त्याचे खरे आडनाव स्पुल्निक, म्हणजे तेही पोलिशच; पण आखाड्यासाठी त्याने कोवाल्स्की घेतले आणि पुढे कायद्यानेही तेच नाव लावले.