कोलाड उलटं लिहून बघा

जावास्क्रिप्ट शिकणारा नवखा विद्यार्थी सरावासाठी लहान लहान फंक्शनं लिहून त्यांची स्वतःची लायब्ररी करतो. शब्द उलटा करा, यादीतली दुबार नावं काढा, आकड्यापुढे शून्यं लावा. हे सगळं तयार मिळतं, मग पुन्हा कशाला लिहायचं, असं आपल्याला वाटतं. म्हणून आज आपण या फंक्शनांचा इतिहास बघू.

१९९५ साली नेटस्केपमध्ये ब्रेंडन आइक यांनी या भाषेचा पहिला नमुना दहा दिवसांत उभा केला. घाईत बांधलेल्या घराला फडताळं नसतात, राहणाऱ्यांनीच ती ठोकून घ्यायची. २००५ साली प्रोटोटाइप, २००६ साली जेक्वेरी, २००९ साली अंडरस्कोर, २०१२ साली लोडॅश, ही सगळी अशीच फडताळं. पुढे भाषेनं त्यातलं बरंचसं आत घेतलं. तेही सरळ झालं नाही. यादी सपाट करणाऱ्या फंक्शनला 'फ्लॅटन' म्हणायचं होतं. पण मूटूल्स या जुन्या लायब्ररीत ते नाव आधीच होतं आणि जुन्या साइट मोडल्या असत्या. २०१८ साली वाद झाला, शेवटी 'फ्लॅट' नाव पडलं.

मार्च २०१६ मध्ये तर अकरा ओळींचं 'लेफ्ट-पॅड' त्याच्या लेखकानं नावाच्या भांडणातून एनपीएमवरून काढून घेतलं आणि जगभर प्रोग्राम तयार होईनात. आकड्यापुढे शून्य लावणं, एवढंच काम हो! पुढच्याच वर्षी 'पॅडस्टार्ट' भाषेत आलं.

आता आपल्या गावाकडे येऊ. शब्द उलटा करायची रूढ रीत अशी: तुकडे करा, क्रम फिरवा, जोडा. 'कोलाड' घाला, 'डालोक' मिळतं. दिसायला ठीक, पण आपण तोंडानं उलटं म्हटलं तर होतं 'डलाको'. 'रोहा' घातलं तर सुरुवातीला काना अधांतरी लटकतो. कारण १९९१ सालच्या पहिल्या युनिकोडपासून मात्रा हा वेगळा घटक आहे. आपल्याला कोलाडमध्ये तीन अक्षरं दिसतात, भाषा पाच मोजते. नावं छोटी करणारं, ठरावीक लांबीवर कापणारं साधं फंक्शनही हीच चूक करतं आणि मग फॉर्मवर कुणाच्या तरी नावाची वेलांटी गळते. आमच्या मते हे कळायला ते फंक्शन एकदा हातानं लिहून आपलं नाव त्यात घालावंच लागतं. इंग्रजी उदाहरणांत ते कधी दिसणार नाही.

यावर आज ब्राउझरमध्ये 'इंटल सेगमेंटर' आहे. तो को, ला, ड असे तीनच तुकडे करतो. जोडाक्षर न तोडण्याचा नियम मात्र युनिकोडमध्ये २०२३ साली आला. ब्राउझर त्याआधीचा असेल, तर रोह्याशेजारच्या अष्टमीतला ष आणि ट अजूनही वेगळे निघू शकतात.