हेग्गोडूचे रंगगुरू : के. व्ही. सुब्बण्णा

जोगच्या धबधब्यासाठी प्रसिद्ध असलेल्या कर्नाटकातील सागर तालुक्यात हेग्गोडू हे एक लहानसे खेडे आहे. भोवती सुपारीच्या बागा, मलनाडचा धुवाधार पाऊस आणि अवघी काहीशे लोकवस्ती. बेंगळुरूपासून सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूर असलेल्या या गावाला भारतीय रंगभूमीच्या नकाशावर स्थान मिळाले ते कुंटगोडू विभूती सुब्बण्णा यांच्यामुळे. सुपारीचे बागायतदार, नाट्यशिक्षक, दिग्दर्शक, अनुवादक आणि प्रकाशक अशा अनेक भूमिका त्यांनी एकाच गावात राहून पार पाडल्या.

सुब्बण्णा यांचा जन्म १९३२ सालचा. गावातील नाटकवेड्या मंडळींनी १९४९ मध्ये एकत्र येऊन 'नीलकंठेश्वर नाट्यसेवा संघ' स्थापन केला, तेव्हा ते जेमतेम सतरा वर्षांचे होते. ग्रामदैवताच्या नावाने सुरू झालेला हा संघ पुढे 'निनासम' या आद्याक्षरी नावाने सर्वतोमुखी झाला. म्हैसूरच्या महाराजा महाविद्यालयात शिक्षण घेताना कुवेंपूंसारख्या कवीचा सहवास त्यांना लाभला. पदवीनंतर शहरात स्थिरावण्याची वाट मोकळी असताना त्यांनी गावाकडे परतून शेती आणि नाटक या दोन्ही गोष्टी हाती घेतल्या. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी 'अक्षर प्रकाशन' सुरू केले. यू. आर. अनंतमूर्तींसह कन्नडमधील अनेक महत्त्वाच्या लेखकांची पुस्तके या खेड्यातील प्रकाशनसंस्थेने वाचकांपर्यंत पोहोचवली.

महाराष्ट्राच्या दृष्टीने पाहता हा परिसर परका नाही. सांगलीत विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले, त्यामागे कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळांची प्रेरणा होती. यक्षगानाची ही परंपरा किनारपट्टीप्रमाणेच मलनाडातही रुजलेली आहे. सुब्बण्णांचा प्रेक्षक त्यामुळे नाटकाला नवखा नव्हता. मात्र आधुनिक नाटक, जागतिक अभिजात साहित्य आणि कलात्मक चित्रपट या गोष्टी 'खेडुतांना झेपणार नाहीत' असा सार्वत्रिक समज होता. सुब्बण्णांनी तो कधीच मान्य केला नाही. खेड्यातील माणसाची आस्वादक्षमता शहरी माणसापेक्षा उणी नाही, उणीव असते ती केवळ संधीची, या गृहीतकावर त्यांचे सारे कार्य उभे राहिले.

या गृहीतकाची कसोटी चित्रपटांच्या बाबतीत लागली. गावात १९७२ मध्ये शिवराम कारंतांच्या नावाने नाट्यगृह उभे राहिले आणि १९७३ मध्ये 'चित्रसमाज' ही फिल्म सोसायटी सुरू झाली. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी हेग्गोडूसाठी जागतिक चित्रपटांच्या प्रती उपलब्ध करून दिल्या. सत्यजित राय, कुरोसावा यांचे चित्रपट बागेतील काम आटोपून आलेल्या शेतकऱ्यांनी पाहिले आणि त्यावर चर्चाही केली. नायर यांच्यावरील 'सेल्युलॉइड मॅन' या २०१२ च्या माहितीपटात या प्रेक्षकांच्या आठवणी नोंदल्या गेल्या आहेत.

नाट्यशिक्षक म्हणून सुब्बण्णांचे मोठे काम म्हणजे १९८० मध्ये सुरू झालेली निनासमची नाट्यशिक्षण संस्था. येथे निवडक विद्यार्थी गावातच राहून अभिनय, नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा यांचे शिक्षण घेतात. नाट्यसंस्था चालवण्याचे भानही त्यांना येथे मिळते. शिकून बाहेर पडलेल्यांनी कर्नाटकाच्या निरनिराळ्या भागांत स्वतःची नाट्यपथके उभारली. प्रशिक्षित कलावंतांना हाताला काम मिळावे आणि लहान गावांना दर्जेदार नाटक मिळावे, या दुहेरी हेतूने १९८५ मध्ये 'तिरुगाट' हे फिरते नाट्यपथक सुरू झाले. पावसाळा सरला की हे पथक नेपथ्याचे सामान गाडीत घालून गावोगाव प्रयोग करीत फिरते. संस्कृत नाटके, शेक्सपिअर, ब्रेख्त आणि नवे कन्नड नाटक असे सारे काही त्याच्या यादीत असते.

प्रशिक्षित कलावंतांची संस्था उभी राहिली की गावातील हौशी नट मागे पडतो, हा अनेक ठिकाणचा अनुभव आहे. हेग्गोडूत तसे होऊ नये याची दक्षता घेतली गेली. विद्यालय आणि फिरते पथक यांच्या जोडीने गावकऱ्यांचा मूळ हौशी संघही नाटके करीत राहिला. दिवसा बागेत वा दुकानात काम करणारी माणसे संध्याकाळी तालमीला येत राहिली. दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमारास भरणाऱ्या संस्कृती शिबिरात लेखक, विचारवंत आणि सामान्य रसिक एकाच मांडवात बसू लागले. स्पर्धा आणि पारितोषिके यांभोवती फिरणाऱ्या आपल्याकडील हौशी रंगभूमीने लक्षात घ्यावी अशी ही व्यवस्था आहे. येथे नाटकाचे प्रयोजन परीक्षक नसून शेजारी हे आहे.

ग्रामीण भागातील या कार्याबद्दल सुब्बण्णांना १९९१ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. नवव्या शतकातील 'कविराजमार्ग' हा कन्नडमधील उपलब्ध असलेला सर्वांत जुना ग्रंथ. त्यात कन्नड प्रदेशाची व्याप्ती कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितली आहे. या ग्रंथाचा मागोवा घेणाऱ्या सुब्बण्णांच्या निबंधसंग्रहाला २००३ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. आपली भाषा आणि व्यापक जग यांचे नाते हा त्यांच्या चिंतनाचा विषय होता, आणि त्यांच्या रंगकार्याचाही.

सुब्बण्णा यांचे निधन जुलै २००५ मध्ये झाले. एका व्यक्तीभोवती वाढलेल्या संस्था तिच्यामागे बहुधा कोमेजतात. निनासमचे काम मात्र त्यांचे पुत्र, दिग्दर्शक व नाटककार के. व्ही. अक्षर आणि सहकाऱ्यांनी पुढे चालू ठेवले. याचे कारण सुब्बण्णांच्या कार्यपद्धतीत शोधावे लागते. नाटके बसवण्याइतकेच कष्ट त्यांनी ती पाहणारा, करणारा आणि त्यासाठी पदरमोड करणारा समाज घडवण्यावर घेतले होते. दिग्दर्शक गेल्यावरही नाट्यगृहाचे दिवे लागत राहिले, ते या समाजामुळे.