पाडलेला, पुन्हा उभारलेला आणि आज बांधला जाणारा: फ्रान्सच्या खेड्यांतले तीन किल्ले



फ्रान्समधले किल्ले म्हटलं की बहुतेकांना लवार नदीकाठचं शांबोर किंवा शनोंसो आठवतं. आज आपण तिकडे जाणार नाही. पॅरिसच्या ईशान्येला बिटाच्या आणि गव्हाच्या शेतांमधून जाणारे रस्ते आहेत. त्या रस्त्यांनी आपण आधी दोन गावांत जाऊ आणि मग बरगंडीतल्या एका जंगलात. या प्रवासात तीन किल्ले पाहायचे आहेत: एक पाडलेला, एक पाडून पुन्हा उभारलेला आणि एक आपल्या डोळ्यांदेखत बांधला जाणारा.

आधी एक शब्द समजून घेऊ. फ्रेंचमध्ये ‘शातो’ हा एकच शब्द आपल्या गढीलाही चालतो, भुईकोटालाही आणि राजवाड्यालाही. लढाऊ किल्ला वेगळा सांगायचा असेल तर ‘शातो-फोर’ म्हणतात. शांबोरचं काम पहिल्या फ्रान्स्वा राजानं १५१९ मध्ये सुरू केलं, ते शिकारीसाठी आणि दिमाखासाठी. आपले आजचे तिन्ही मात्र शातो-फोर आहेत.

पहिलं गाव कूसी. तटबंदीच्या वेशीतून आत शिरलं की गाव लागतं आणि गावाच्या टोकाला किल्ला. तेराव्या शतकात, १२२० च्या दशकापासून पुढे, तिसऱ्या आंगेराँ नावाच्या सरदारानं तो बांधला. या घराण्याचा तोरा असा, की आम्ही राजे नाही, राजपुत्र नाही, आम्ही फक्त कूसीचे धनी, असं ते अभिमानानं मिरवत. त्या तोऱ्याला शोभेल असाच मुख्य बुरूज त्यांनी बांधला. फ्रेंच लोक त्याला दोंजों म्हणतात. हा दोंजों सुमारे ५४ मीटर उंच होता, म्हणजे आजच्या सतरा-अठरा मजली इमारतीएवढा. व्यास ३० मीटरच्या वर, पायाशी भिंतीची जाडी सात मीटरच्या पुढे.

आज तिथे गेलात तर हा बुरूज दिसत नाही. दगडांचा एक प्रचंड ढीग दिसतो.

कोणालाही वाटेल, सातशे वर्षांत पडला असेल. तसं झालेलं नाही. १६५२ मध्ये कार्डिनल माझारँच्या आदेशानं किल्ला निकामी करण्यात आला, तरी दोंजों उभाच राहिला. एकोणिसाव्या शतकात वास्तुविशारद व्हियोले-ल-द्यूक यानं त्याची डागडुजी केली. आणि मग आला मार्च १९१७. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्य या भागातून नियोजनपूर्वक मागे सरत होतं आणि सोडलेला मुलूख शत्रूच्या उपयोगी पडू नये म्हणून उद्ध्वस्त करत होतं. बव्हेरियाचा युवराज रुप्रेख्त हा त्यांचाच सेनापती. त्यानं हा किल्ला वाचवावा अशी विनंती केली. या बुरजाला आता लष्करी मोल नाही, असं त्याचं म्हणणं होतं. जनरल लुडेनडॉर्फनं ते मानलं नाही. सुमारे २८ टन स्फोटकं लावून दोंजों आणि चारही कोपऱ्यांवरचे बुरूज उडवण्यात आले.

युद्धानंतर फ्रान्सनं काय केलं? भिंती सावरल्या, पडणारं बांधकाम रोखलं, पण दोंजोंचा ढीग जागच्या जागी ठेवला. किल्ला मुद्दाम पाडला गेला, हे येणाऱ्याला दिसलं पाहिजे, हा त्यामागचा विचार. म्हणजे कूसीला आपण तेरावं शतक पाहायला जातो आणि विसावं शतक पाहून परत येतो.

आता इथून तासाभराच्या अंतरावर, काँपिएन्यच्या अरण्याच्या कडेला, पिएरफों. इथलं दृश्य अगदी उलटं. निळसर छपरं, टोकदार शिखरं, एकही दगड ढळलेला नाही. मुलांच्या गोष्टीच्या पुस्तकातून उचलून आणल्यासारखा. ‘मर्लिन’ ही इंग्रजी मालिका ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा किल्ला लगेच ओळखू येईल. तिचं बरंचसं चित्रीकरण इथलंच.

मूळ किल्ला चौदाव्या शतकाच्या शेवटी ऑर्लेआँच्या लुईनं बांधायला घेतला. हा राजाचा सख्खा भाऊ. १४०७ मध्ये पॅरिसच्या रस्त्यावर त्याचा खून झाला. पुढे तेराव्या लुईच्या काळात, १६१७ मध्ये, राजाच्या फौजेनं किल्ला घेतला आणि तो निकामी करण्यात आला. दोनशे वर्षं अवशेष तसेच पडून होते. पहिल्या नेपोलियननं ते तीन हजार फ्रँकपेक्षाही कमी किमतीत विकत घेतले. आणि १८५७ मध्ये तिसऱ्या नेपोलियननं व्हियोले-ल-द्यूकला, म्हणजे कूसीला डागडुजी करणाऱ्या त्याच माणसाला, किल्ला सावरायचं काम दिलं. सुरुवातीला बेत छोटा होता. बहुतेक अवशेष तसेच ठेवायचे आणि थोडा भाग राहण्याजोगा करायचा. मग बेत वाढत गेला आणि अख्खा किल्लाच नव्यानं उभा राहू लागला.

व्हियोले-ल-द्यूकला मध्ययुगीन बांधकामाचं सखोल ज्ञान होतं, याबद्दल वाद नाही. पण जीर्णोद्धार म्हणजे वास्तू पूर्णत्वाला नेणं, मग ते पूर्णत्व प्रत्यक्षात कधी अस्तित्वात नसलं तरी चालेल, असं तो मानायचा. पिएरफोंला ते दिसतं. आतल्या मोठ्या दालनात चुलाण्यावर नऊ वीरांगनांचे पुतळे आहेत आणि त्यांतल्या एकीचा चेहरा तिसऱ्या नेपोलियनची राणी युजेनी हिचा आहे! चौदाव्या शतकाच्या किल्ल्यात एकोणिसाव्या शतकातली राणी. १८७० मध्ये साम्राज्य कोसळलं, १८७९ मध्ये व्हियोले-ल-द्यूक वारला आणि १८८५ मध्ये पैशाअभावी काम थांबलं. आतली काही दालनं आजही बिनसजावटीची आहेत.

मग पिएरफों खोटा आहे का? इंग्रज लेखक जॉन रस्किन त्याच काळात म्हणत होता, की असा जीर्णोद्धार म्हणजे वास्तूचा नाशच. आपण थोडं थांबून विचार करू. एकोणिसाव्या शतकातल्या सम्राटाला मध्ययुग कसं हवं होतं, याचा पिएरफों हा अस्सल पुरावा आहे. फक्त तो चौदाव्या शतकाचा पुरावा म्हणून कोणी हातात ठेवला, तर आपली फसगत होते.

तिसरा किल्ला आहे बरगंडीत. गेदलोंला १९९७ मध्ये एका जुन्या खाणीच्या जागी, जंगलात, कोरा किल्ला बांधायला घेतला गेला. अट एकच: तेराव्या शतकाची साधनं आणि पद्धती. दगड तिथल्याच खाणीचा, लाकूड तिथल्याच ओकचं. वजन वर चढवायला माणसानं आत चालून फिरवायचं लाकडी चाक. काटकोन आखायला तेरा गाठींची दोरी. तेरा गाठींमध्ये बारा सारखे भाग, त्यांचा तीन, चार आणि पाचचा त्रिकोण केला की काटकोन मिळतो. सुरक्षेचे नियम मात्र आजचे. खर्च मुख्यतः प्रेक्षकांच्या तिकिटांतून निघतो.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आम्हालाही वाटलं, हा एक हौशी खेळ. पण बांधायला घेतल्यावर असे प्रश्न पडतात, जे अवशेष पाहून पडत नाहीत. चुन्याला किती दिवस द्यायचे? कमानीखालचा लाकडी आधार कधी काढायचा? १५ एप्रिल २०१९ ला पॅरिसच्या नोत्र दामचं छत जळालं. ते पुन्हा बांधताना ओकचे वासे कुऱ्हाडीनं तासले गेले, आणि त्या सुतारांमध्ये गेदलोंला हात बसलेले लोकही होते. त्या आगीत जो मनोरा कोसळला, तो व्हियोले-ल-द्यूकनं एकोणिसाव्या शतकात उभारलेला होता. तो जसाच्या तसा पुन्हा बांधायचं ठरलं. एकेकाळी ज्याच्यावर ‘कल्पनेतला’ म्हणून टीका होत होती, तोच आता जपायचा वारसा झाला.

हे सगळं आपल्याला का सांगायचं? किल्ले पाडण्याचं राजकारण आपल्या ओळखीचं आहे. १६२६ मध्ये रिशल्यच्या कारभारात फर्मान निघालं, की सरहद्दीवर नसलेल्या किल्ल्यांची तटबंदी पाडावी, म्हणजे सरदारांना बंडाला जागाच उरू नये. १८१८ मध्ये इंग्रजांनी सह्याद्रीतल्या अनेक गडांच्या वाटा, पायऱ्या आणि दरवाजे सुरुंगानं उडवले, ते याच हिशेबानं. त्याच वर्षी मे महिन्यात रायगडावर तोफा डागल्या गेल्या आणि गडावरचे वाडे जळाले. २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशात गेले. आता गडावर काय बांधावं, काय नुसतं सावरावं, ही चर्चा आणखी वाढणार आहे.

कूसी, पिएरफों आणि गेदलों ही त्या प्रश्नाची तीन उत्तरं आहेत. आमचं मत विचाराल, तर तिन्ही चालतील, पण जुनं कुठे संपतं आणि नवं कुठे सुरू होतं, हे पाहणाऱ्याला कळलं पाहिजे. जळलेल्या जोत्यावर उद्या चकचकीत वाडा उभा राहिला, तर १८१८ मध्ये काय घडलं ते सांगणारा साक्षीदारच आपण पुसून टाकू. बांधायचंच असेल तर गेदलोंसारखं शेजारच्या मोकळ्या जागेवर बांधावं. हातांना कामही शिकता येईल आणि मूळ दगडालाही धक्का लागणार नाही.

पुढच्या वेळी एखाद्या गडावर जाल, मग तो फ्रान्समधला असो की सह्याद्रीतला, फोटो काढण्याआधी तिथल्या माहीतगाराला एवढंच विचारा: हा दगड इथे कोणी ठेवला आणि कधी?

आता प्रश्न असतील तर घेऊ.