शिक्षकाची सनद

विषय येणे आणि विषय शिकविता येणे या दोन निराळ्या गोष्टी होत. आज हे कोणीही मान्य करील. परंतु आपल्या शिक्षणव्यवस्थेत हा विचार रुजण्यास फार काळ लागला.

शिक्षकांच्या प्रशिक्षणाची निकड १८५४ च्या वुडच्या खलित्याने सांगितली होती. तरीही १८८२ मध्ये हंटर आयोग नेमला गेला, तेव्हा साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात दुय्यम शाळांचे शिक्षक तयार करणाऱ्या संस्था दोनच होत्या. एक मद्रासला, दुसरी लाहोरला. पदवीधराला आणखी शिकवायचे ते काय, असे म्हणणारे पुष्कळ होते. आयोगाने ते मानले नाही. अध्यापनाची तत्त्वे व प्रत्यक्ष अध्यापन यांची परीक्षा उतरल्यावाचून दुय्यम शाळेत कायम नेमणूक मिळू नये, अशी शिफारस त्याने केली. पुढे कर्झनच्या कारकिर्दीत, १९०४ च्या ठरावाने पदवीधरांसाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम सुचविला आणि प्रत्येक प्रशिक्षण महाविद्यालयास सरावशाळा जोडलेली असावी, असे सांगितले. मुंबईचे सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज १९०६ मध्ये निघाले. बडोद्यात १९३५ मध्ये अशीच संस्था स्थापन झाली. १९४९ मध्ये विद्यापीठ झाल्यावर ती त्याची विद्याशाखा बनली. जुनी बी.टी. कालांतराने बी.एड. झाली.

श्रोतेहो, या साऱ्या इतिहासाचे मर्म 'सरावशाळा' या एका शब्दात आहे. बी.एड. करीत असताना मी सातवीच्या वर्गावर किल्ल्यांचा पाठ घेतला. टाचण चोख होते, तक्ते सुरेख होते. एका मुलाने विचारले, "गडावर पाणी कोठून येई?" घड्याळाकडे पाहून मी "नंतर सांगतो" म्हणालो आणि पुढे गेलो. मागच्या बाकावर बसलेल्या प्राध्यापकांनी वहीत शेरा लिहिला: "पाठ संपला, मुलाचा प्रश्न राहिला." इतिहासाची पदवी माझ्यापाशी होती, पण हे तिने शिकविले नव्हते.

सनदा वाढल्या, तशी त्यांच्या मोलाविषयी शंकाही वाढली. महाराष्ट्रातील अध्यापक विद्यालयांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि त्यातून नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा आयोगाने २०१२ मध्ये अहवाल दिला. त्यानंतर २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे केले व त्यात वीस आठवडे शाळेत घालविणे आवश्यक ठरविले.

मुदत वाढली, हे योग्यच झाले. परंतु मागच्या बाकावर बसून, राहिलेला प्रश्न दाखवून देणारे कोणी नसेल, तर ते वीस आठवडे केवळ हजेरीपटावर भरतील.